मणक्याचा लिम्फोमा: दुर्मिळ आजारावरचे पेपर वाचायचे कसे?



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं, गाइड म्हणाले "लिटरेचर वाचा", आणि तुम्ही वीस-पंचवीस पीडीएफ उतरवून बसलात. आता पुढे काय? बहुतेक जण सारांश वाचतात, निष्कर्षाखाली पिवळी रेघ ओढतात आणि पुढच्या पेपरकडे वळतात. पेपर वाचणं म्हणजे त्याच्याशी थोडं भांडणं. ते कसं करायचं हे आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे पाठीच्या कण्यात सुरू होणाऱ्या लिम्फोमाचं, म्हणजे प्रायमरी स्पायनल लिम्फोमाचं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. जीवशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधन करणारा विद्यार्थी आहे. हा लेख उपचाराचा सल्ला नाही. कोणाच्या घरी असा पेशंट असेल तर त्यांनी तज्ज्ञांकडेच जावं. आपण इथे फक्त या विषयावर जे छापून येतं, ते किती पक्कं आहे आणि कुठे पोकळ आहे, एवढंच तपासणार आहोत.

हाच विषय का घेतला? कारण यात चूक महागात पडते. मणक्याच्या आत मज्जारज्जू असतो. त्याच्यावर गाठीचा दाब आला की आधी पाठ दुखते, मग पायाला मुंग्या येतात, पाय लटपटायला लागतात, लघवी अडते. दाब वेळेत उतरला तर माणूस परत चालू शकतो. उशीर झाला तर नाही. आणि लिम्फोमा हा कॅन्सर असला तरी औषधाला चांगला दाद देणारा कॅन्सर आहे. म्हणजे वेळेत ओळखला तर पुष्कळ काही वाचवता येतं. अशा आजारावरचे पेपर ढिसाळ असतील तर त्याची किंमत लेखकाला नाही, पेशंटच्या पायांना द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यातून बघितलं तर

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तालुके सहा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०. वाशिमचं सरकारी मेडिकल कॉलेज आत्ता २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी मोठं काही निघालं की गाडी अकोल्याला, तिथून नागपूरला, आणि कॅन्सर म्हटलं की काही जण थेट मुंबईला, टाटाला.

अशा ठिकाणी पाठदुखीचा प्रवास कसा होतो, ते तुम्हाला माहीतच आहे. (हा कुण्या एका पेशंटचा किस्सा नाही, नेहमीचा रस्ता सांगतोय.) सोयाबीनचं पोतं उचलताना पाठ धरली असं घरचे म्हणतात. आधी मालिश, मग गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, मग एक्स-रे, मग एमआरआय. एमआरआयच्या रिपोर्टवर शेवटी एक ओळ येते: "बहुधा क्षयरोग, तरी इतर शक्यता तपासाव्यात." या ओळीतल्या पहिल्या दोन शब्दांवर एकेटी सुरू होते, म्हणजे टीबीच्या गोळ्या. उरलेले शब्द फाइलमध्ये राहतात.

यात डॉक्टरांना झोडपण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी खरोखरच पुष्कळ आहे आणि लिम्फोमा खरोखरच दुर्मिळ आहे. मग पेपर नेमके कुठे कमी पडतात? एकेक मुद्दा घेऊ.

मुद्दा पहिला: एकाच नावाखाली तीन आजार

"प्रायमरी स्पायनल लिम्फोमा" हे नाव वाचून एकच आजार डोळ्यापुढे येतो. पण या नावाखाली छापलेले रिपोर्ट शेजारी ठेवले की तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

एक, मणक्याच्या हाडात सुरू झालेला लिम्फोमा. हा हाडाच्या प्रायमरी लिम्फोमाचाच भाग. दोन, हाड जवळपास शाबूत, पण मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणाभोवती, म्हणजे एपिड्युरल जागेत वाढलेला लिम्फोमा. तीन, खुद्द मज्जारज्जूच्या आत झालेला लिम्फोमा.

पहिले दोन रक्त-मेंदू अडथळ्याच्या बाहेर असतात. त्यामुळे शिरेतून दिलेलं नेहमीचं औषध तिथे पोचतं. तिसरा त्या अडथळ्याच्या आत असतो. त्याचा उपचार मेंदूतल्या लिम्फोमासारखा करावा लागतो आणि त्यात मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्झेटचा आधार घेतात. जागेत काही मिलिमीटरचा फरक, पण औषधच बदलतं. आता एखाद्या रिव्ह्यूने हे तिन्ही एका तक्त्यात घालून "सरासरी जगण्याचा काळ" काढला, तर तो आकडा नेमका कोणाचा? कोणाचाच नाही. तो ज्वारी, तूर आणि सोयाबीनचा एकत्र काढलेला एकरी उतारा झाला.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. पेपरचं शीर्षक वाचलं की लगेच पद्धतीच्या भागात जा आणि कोणाला घेतलं, कोणाला वगळलं ते बघा.

"प्रायमरी" हा शब्दही तपासून घ्या. हाडातल्या लिम्फोमाचं वर्णन ओबरलिंग यांनी १९२८ मध्ये केलं. पार्कर आणि जॅक्सन यांनी १९३९ मध्ये त्याची मालिका छापली. तेव्हा नाव होतं रेटिक्युलम सेल सार्कोमा. पुढे १९५० मध्ये कोली आणि सहकाऱ्यांनी निकष दिले. सुरुवात एकाच हाडात हवी, पेशींच्या तपासणीतून निदान पक्कं हवं, आणि निदानाच्या वेळी फार तर जवळच्या गाठी चालतील, दूरचा प्रसार दिसायला निदान सहा महिन्यांचं अंतर हवं.

त्या काळासाठी निकष चांगलेच होते. पण १९५० मध्ये ना सीटी होतं, ना एमआरआय, ना पेट-सीटी. "दूर कुठे काही नाही" म्हणजे तेव्हा "हाताला लागत नाही आणि एक्स-रेत दिसत नाही". आज पेट-सीटीत पोटातली लहानशी गाठसुद्धा उजळते आणि तोच पेशंट "प्रायमरी" या यादीतून बाहेर जातो. म्हणजे १९५० चा प्रायमरी आणि २०२० चा प्रायमरी हे दोन निराळे गट आहेत, शब्द तेवढा एक.

यातून एक गंमत होते. लपलेला प्रसार असलेले पेशंट यादीतून बाहेर गेले की उरलेल्यांचे निकाल आपोआप सुधारलेले दिसतात. उपचारात काडीचाही बदल न होता! फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या प्रकाराला विल रॉजर्स परिणाम असं नाव दिलं. तेव्हा "पूर्वीपेक्षा आता निकाल चांगले" असं वाक्य दिसलं की विचारा: औषध सुधारलं की यादी बदलली? बऱ्याचदा दोन्ही झालेलं असतं, आणि पेपर सगळं श्रेय औषधाला देऊन टाकतो.

मुद्दा दुसरा: एमआरआयच्या खुणा आणि उलटा प्रश्न

केस रिपोर्टमध्ये खुणांची यादी असते. लिम्फोमात दोन मणक्यांमधली चकती सहसा शाबूत राहते, टीबीत ती बऱ्याचदा खाल्ली जाते. लिम्फोमाची गाठ कधी कधी हाडाची बाहेरची भिंत फारशी न मोडता बाहेर पसरते आणि मज्जारज्जूला वेढते. टीबीत कण्याच्या बाजूला पू साचतो. लिम्फोमात पेशी दाटीवाटीने असतात, म्हणून काही विशिष्ट चित्रांत गाठ फार उजळ दिसत नाही.

या खुणा खोट्या नाहीत. पण त्या कशा काढल्या ते बघा. लेखकाने लिम्फोमा ठरलेला पेशंट घेतला आणि मागे जाऊन त्याचा एमआरआय बघितला. प्रश्न होता: "लिम्फोमा असेल तर चकती शाबूत असते का?" ओपीडीतल्या डॉक्टरपुढचा प्रश्न याच्या अगदी उलटा आहे: "चकती शाबूत आहे, तर हा लिम्फोमा असण्याची शक्यता किती?" हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण नाहीत. टीबीतही काही वेळा फक्त मणक्याचा मधला भाग खाल्ला जातो आणि चकती वाचते. आपल्याकडे टीबीचे पेशंट इतके जास्त आहेत की "चकती शाबूत" असलेल्यांमध्येसुद्धा टीबीवाले बरेच निघू शकतात. याचं उत्तर हवं तर मणक्यात बिघाड असलेले सगळे पेशंट सलग घ्यायला हवेत, नुसते लिम्फोमावाले नाही. केस रिपोर्टमध्ये हा छेदच नसतो.

मुद्दा तिसरा: "गोळ्यांनी बरं वाटतंय" हा पुरावा किती वजनाचा?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकेटी सुरू झाली, महिन्याभरात दुखणं कमी झालं, म्हणून टीबीच असणार. ऐकायला बरोबर वाटतं. आकडेमोड करून बघू. पुढचे आकडे मी फक्त हिशोब समजावा म्हणून गृहीत धरलेत, कुठल्याही अभ्यासातले नाहीत.

समजा असे १०० पेशंट आहेत. त्यातल्या ९५ जणांना टीबी आणि ५ जणांना लिम्फोमा. टीबीवाल्यांपैकी ८० टक्क्यांना महिन्यात बरं वाटतं. लिम्फोमावाल्यांपैकी ४० टक्क्यांना वाटतं. आता तुम्ही म्हणाल, टीबीच्या गोळ्यांनी लिम्फोमाला कसं बरं वाटेल? गोळ्यांनी नाही. पण सोबत विश्रांती, पट्टा, वेदनाशामक असतं, आणि मज्जारज्जूवर दाब असेल तर स्टेरॉइड दिलेलं असतं. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी खरोखर मरतात आणि गाठ तात्पुरती बसते.

मग बरं वाटलेले किती? टीबीचे ७६, लिम्फोमाचे २, एकूण ७८. यात टीबीचं प्रमाण ९७.४ टक्के. सुरुवातीला ते ९५ होतंच. म्हणजे महिनाभर थांबून आपण जेमतेम अडीच टक्के शहाणे झालो!

आता बरं न वाटलेले बघा. टीबीचे १९, लिम्फोमाचे ३, एकूण २२. यात लिम्फोमा १३.६ टक्के. सुरुवातीला ५ होता, तो पावणेतीन पट झाला.

म्हणजे माहिती कुठे दडलीय? "बरं वाटलं" यात फारशी नाही. "बरं वाटलं नाही" यात आहे. पण प्रत्यक्षात उलटं होतं. बरं वाटलं की निदान पक्कं झालं असं आपण मानतो, आणि बरं नाही वाटलं तर "अजून महिनाभर बघू" म्हणतो. मणक्याच्या टीबीचा कोर्सच आपल्याकडे साधारण वर्षभराचा, त्यामुळे थांबायला जागाही भरपूर मिळते. बरं न वाटण्याची इतर कारणंही असतात, उदाहरणार्थ औषधांना न जुमानणारा टीबी. पण त्यासाठीसुद्धा करायचं तेच: तुकडा काढून तपासणं.

तुमच्या विषयात हाच सापळा वेगळ्या रूपात भेटेल. प्रयोग अपेक्षेप्रमाणे आला की आपण पुढे जातो, नाही आला की पुन्हा करतो. दोन्ही निकालांना सारखंच खोदायचं असतं.

मुद्दा चौथा: एक ओळ, जी पद्धतीच्या भागात हवी होती

"बायोप्सी केली. निदान डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा." बहुतेक रिपोर्टमध्ये निदानाची सगळी कहाणी एवढ्यात आटोपते. (हाडाच्या प्रायमरी लिम्फोमात हाच प्रकार सर्वात जास्त आढळतो.) पण खरी गोम याच दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

बाहेर काढलेला तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर पेशी छान टिकतात, पण टीबीचे जंतू मरतात. मग कल्चर होत नाही आणि सीबीनॅटसाठीही तो तुकडा नीट चालत नाही. उलट सगळा तुकडा सलाइनमध्ये ठेवला तर पेशींची रचना बिघडत जाते आणि लिम्फोमा ओळखणं अवघड होतं. म्हणून तुकड्याचे दोन वाटे करायचे: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक निर्जंतुक सलाइनमध्ये. खर्च एका जास्तीच्या डबीचा. ही डबी कोणी ठेवली आणि कोणी ठेवली नाही, ते रिपोर्टमध्ये सहसा लिहिलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट, हाड कापायला ते आधी मऊ करावं लागतं. तीव्र आम्ल वापरलं तर काम लवकर होतं, पण पेशींवरची प्रथिनं खराब होऊ शकतात. ईडीटीए वापरलं तर वेळ लागतो, पण प्रथिनं जास्त चांगली टिकतात. लिम्फोमाचं नेमकं निदान तर याच प्रथिनांवर ठरतं. सीडी४५ सांगतं की पेशी पांढऱ्या पेशींच्या घराण्यातली आहे. सीडी२० सांगतं बी-सेल, सीडी३ सांगतं टी-सेल. सीडी१०, बीसीएल६ आणि एमयूएम१ या तिघांवरून पुढचा उपप्रकार ठरवायची रीत हान्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दिली. सीडी२० तर निदानापुरतं नाही, रिटुक्सिमॅब हे औषध त्यालाच जाऊन चिकटतं. म्हणजे हाड मऊ करायला काय वापरलं, या फुटकळ वाटणाऱ्या बाबीवर पेशंटचं औषध अवलंबून राहू शकतं.

तिसरी गोष्ट स्टेरॉइडची. बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमाच्या पेशी मरून तुकड्यात काहीच सापडत नाही, असं होऊ शकतं. पण पाय जात असतील तर स्टेरॉइड रोखून धरता येत नाही. हा पेच खरा आहे आणि त्याला सरधोपट उत्तर नाही. म्हणूनच प्रत्येक रिपोर्टने स्टेरॉइड कधी दिलं, किती दिलं आणि तुकडा कधी काढला, या तीन गोष्टी तारखेनिशी द्यायला हव्यात. त्या दिल्या असत्या तर एव्हाना वेगवेगळे रिपोर्ट जोडून काही उत्तर काढता आलं असतं. दिल्या नाहीत म्हणून शंभर रिपोर्ट वाचूनही आपण तिथेच.

मुद्दा पाचवा: ऑपरेशनच्या बाजूने दिला जाणारा तो पेपर

आता उपचार. मणक्यातल्या गाठीवर ऑपरेशन करावं का, हा प्रश्न आला की एक संदर्भ हमखास येतो: पॅचेल आणि सहकाऱ्यांची २००५ मधली चाचणी, लॅन्सेटमधली. पेशंट १०१. कॅन्सर मणक्यात पसरून मज्जारज्जूवर दाब आलेला. एका गटाला ऑपरेशन आणि मग रेडिएशन, दुसऱ्याला फक्त रेडिएशन. उपचारानंतर चालू शकणारे पहिल्या गटात ८४ टक्के, दुसऱ्यात ५७ टक्के. फरक इतका ठळक की चाचणी मध्येच थांबवली.

चाचणी उत्तम आहे. पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिलेत, निकाल साधा आणि माणसाच्या कामाचा: चालता येतं का? माझं भांडण या पेपरशी नाही, तो वापरणाऱ्यांशी आहे. कारण या चाचणीने लिम्फोमाचे पेशंट मुद्दाम वगळले होते. लिम्फोमा, ल्युकेमिया, मल्टिपल मायलोमा यांसारखे रेडिएशनला चटकन विरघळणारे कॅन्सर घ्यायचेच नाहीत, असं आधीच ठरलेलं होतं. कारण उघड आहे. जी गाठ औषधाने किंवा किरणांनी लवकर बसते, तिच्यासाठी पाठ उघडायची गरज कदाचित नसेल.

म्हणजे ज्यांच्याबद्दल ही चाचणी काहीही सांगत नाही, त्यांच्याच ऑपरेशनच्या समर्थनासाठी तिचा दाखला द्यायचा! हे कसं होतं? सारांश वाचून संदर्भ टाकला की होतं. कोणाला वगळलं हे पद्धतीच्या भागात असतं, आणि तिथपर्यंत जायचा कंटाळा.

मग लिम्फोमात ऑपरेशन नकोच का? तसंही नाही. मणका ढासळला असेल, कणा अस्थिर असेल, पाय झपाट्याने जात असतील आणि निदान अजून ठरलेलं नसेल, तर ऑपरेशनने दाबही उतरतो आणि तपासणीला भरपूर तुकडाही मिळतो. गाठ पूर्ण काढायच्या मागे लागणं मात्र लिम्फोमात सहसा कामाचं नाही, कारण तो आजार औषधाने आटोक्यात आणायचा असतो. तेव्हा प्रश्न "ऑपरेशन हो की नाही" असा नाही, "कोणाला आणि कशासाठी" असा विचारायला हवा.

याच संदर्भात आणखी एक तुलना दिसेल: "ऑपरेशन अधिक किमो" गट विरुद्ध "फक्त किमो" गट, जुन्या फाइलींवरून. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ऑपरेशन कोणाचं झालं? सर्जनला जो झेपेल असा वाटला त्याचं. म्हणजे गट सुरुवातीलाच असमान. दुसरा, "ऑपरेशन अधिक किमो" या गटात जायला आधी ऑपरेशनमधून उठून किमोपर्यंत जगावं लागतं. जो मध्येच गेला तो या गटात मोजलाच जात नाही. त्याला "अमर काळाचा दोष" म्हणतात. गट उपचारामुळे सरस दिसतो की गाळणीमुळे, हे मग सांगता येत नाही.

मुद्दा सहावा: औषधाचा पुरावा उसना आहे, आणि ते ठीक आहे

मणक्याच्या लिम्फोमासाठी स्वतंत्र मोठी चाचणी करण्याइतके पेशंट मिळणं फार कठीण. मग आर-चॉप कशाच्या जोरावर देतात? कोफिए आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६० ते ८० वयाच्या ३९९ पेशंटवर चाचणी केली होती. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात नुसत्या चॉपने आजार पूर्ण दिसेनासा होण्याचं प्रमाण ६३ टक्के, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्के. यात मणक्याचा गट वेगळा काढलेला नाही. पण पेशी तीच, सीडी२० तेच, म्हणून तो पुरावा इकडे आणला.

हाडापुरतं बघायचं तर २०१४ मध्ये आलेला आयईएलएसजी-१४ हा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे, मर्यादित टप्प्यातल्या १६१ पेशंटचा. आधी किमो दिलेल्यांचे निकाल आधी रेडिएशन दिलेल्यांपेक्षा चांगले, आणि किमोनंतर रेडिएशन जोडून वेगळा फायदा दिसला नाही, असं त्यात आलं. पण हा अभ्यासही जुन्या फाइलींचा आहे, म्हणजे वर सांगितलेले खड्डे इथेही आहेत. आणि त्यात कण्याबरोबर मांडीचं, कमरेचं हाडही आहे. मांडीच्या हाडात गाठीशेजारी मज्जारज्जू नसतो!

उसना पुरावा वापरणं हा दोष नाही. दुर्मिळ आजारात दुसरा मार्गच नसतो. पण उसनं घेतलं तर वहीत लिहून ठेवावं. "हे आम्ही दुसऱ्या गटावरून आणलंय, या या कारणाने इथे लागू धरतोय" एवढं वाक्य पेपरमध्ये असलं की वाचणारा फसत नाही.

केस रिपोर्ट मग वाचूच नयेत का?

अवश्य वाचा. "एकेटीने पेशंट सुधारत नाही, लिम्फोमाचाही विचार करा" ही घंटा याच लहान लहान रिपोर्टनी वाजवत ठेवली आहे. घंटेचं काम घंटेने चोख केलंय. तिच्याकडून तराजूचं काम मागायला नको.

मात्र घंटाही नीट वाजावी म्हणून २०१३ मध्ये केअर नावाची नियमावली आली. केस रिपोर्टमध्ये काय काय असावं याची ती यादी आहे. तीत दोन कलमं अशी आहेत जी मला आपल्या भागासाठी फार मोलाची वाटतात. एक, घटनांचा कालक्रम. दोन, पेशंटचं स्वतःचं म्हणणं. सहसा रिपोर्ट सुरू होतो "पेशंट आमच्याकडे आला" तिथून. पण मानोऱ्याचा शेतकरी नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलात पोचेपर्यंत जे महिने गेले, त्यात पाय कधी लटपटले, पहिला एमआरआय कधी झाला, तुकडा काढायला कोणी सांगितलं होतं का, पैशासाठी किती थांबावं लागलं, हे सगळं "काही महिन्यांची पाठदुखी" या तीन शब्दांत बसवलं जातं. निकाल ज्या भागात ठरला तोच भाग पेपरमधून गायब.

आणि इथेच तुमच्यासाठी काम आहे. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. विदर्भातल्या हॉस्पिटलांच्या फाइलींवरून, नैतिक समितीची परवानगी घेऊन, चार तारखा गोळा करता येतील: दुखणं सुरू झालं ती, पहिला एमआरआय झाला ती, तुकडा काढला ती, आणि उपचार सुरू झाला ती. सोबत तीन नोंदी: तुकड्याचे दोन वाटे केले होते का, आधी स्टेरॉइड दिलं होतं का, आणि शेवटी पेशंट चालत घरी गेला का. मणक्यात बिघाड असलेले सगळे पेशंट सलग घ्यायचे, निदान काहीही निघो. म्हणजे छेद मिळेल. संख्याशास्त्र, समाजकार्य, जीवशास्त्र, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी एखाद्या डॉक्टरसोबत हे करू शकतो.

तोवर घरचा अभ्यास. मणक्याच्या लिम्फोमावरचा कुठलाही एक केस रिपोर्ट घ्या. सारांश झाका. पद्धत आणि पेशंटचं वर्णन वाचून कागदावर पाच गोष्टी लिहा: तीन आजारांपैकी कोणता, "प्रायमरी" कशावरून ठरवलं, तुकडा कसा हाताळला, स्टेरॉइड कधी दिलं, आणि उपचाराच्या समर्थनाला दिलेल्या संदर्भात हे पेशंट होते की वगळलेले. मग सारांश उघडा आणि लेखकाचा निष्कर्ष तुमच्या कागदाशी ताडून बघा. जिथे जुळत नाही, तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. गाइडकडे जाताना तो कागद सोबत न्या.